तुरा वर, तुरा खाली : घरी पहिलं कॉकटील आणणाऱ्यांसाठी

इंदुरात पक्ष्यांच्या दुकानात जाऊन ‘कॉकटील दाखवा’ म्हटलं की दुकानदार क्षणभर तुमच्याकडे बघतो आणि मग हसून म्हणतो, “अच्छा, कॉकटेल!” इथे सगळे कॉकटेलच म्हणतात. नावावरून हुज्जत घालू नका. घालायची तर वयावरून घाला. ते पुढे येईलच.

सुदामा नगरातल्या आमच्या घरी सहा वर्षांपासून एक करडं कॉकटील आहे. नाव बंडू. बंडू मादी आहे. ही बातमी आम्हाला चौदा महिने उशिरा कळली, तीही बंडूने पिंजऱ्याच्या तळाशी अंडं घालून स्वतःच दिली. दुकानदाराने “पक्का नर है” म्हणून दिलेला पक्षी, त्यामुळे मी सुरुवातीचे तीन महिने खिडकीशी उभा राहून त्याला शिट्ट्या शिकवत होतो. समोरच्या काकूंनी एकदा माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा, “भाऊजींचं सगळं ठीक आहे ना?” अंडं घातल्यावर नाव बदललं नाही आणि ‘तो’ही बदलला नाही. अशा चुकांतून जे हाती लागलं ते क्रमाने लिहितो आहे.

आधी हा पक्षी कोण आहे ते समजून घ्या. कॉकटील मूळचं ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातलं, काकाकुआच्या कुळातलं सगळ्यात लहान पाखरू. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत ३० ते ३३ सेंटीमीटर, त्यात निम्मी शेपटीच. वजन बहुधा ८० ते १०० ग्रॅम. तिकडे ते थव्याने हिंडतं, जमिनीवर उतरून गवताचं बी टिपतं आणि शिकारी पक्ष्याची सावली दिसली की सगळा थवा एकदम उठतो. थव्यात जो मलूल दिसेल त्यावर आधी झडप पडते, म्हणून आजार लपवायचा हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं. फडकं झटकलं तरी ते का दचकतं, तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की का किंचाळतं, आणि ‘सकाळपर्यंत चांगलं होतं हो, संध्याकाळी गेलं’ असं लोक का सांगतात, याचं उत्तर इथेच आहे. ते सकाळीही चांगलं नसतं. आपण नीट बघितलेलं नसतं.

पहिली पायरी : घरी बसून ठरवायच्या गोष्टी

कायद्याचं आधी उरकतो. आपला लाल कंठाचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली गुन्हा आहे, मग तो आजोबांच्या वाड्यात कितीही वर्षं ‘मिठू मिठू’ करत असो. कॉकटील परदेशी जातीचं आणि पिढ्यानुपिढ्या पिंजऱ्यातच पैदास होणारं, त्यामुळे ते पाळता येतं.

नीट सांभाळलं तर कॉकटील १५ ते २० वर्षं जगतं. ‘मुलगा सातवीत आहे, त्याला हवाय’ म्हणून आणणारे पुष्कळ. सातवीतला मुलगा दहा वर्षांनी पुण्यात नोकरीला असेल आणि पक्षी तुमच्याकडेच असेल. तेव्हा मुलाला हवाय का हे नंतर विचारा, तुम्हाला हवाय का ते आधी.

घरात कोणाला दमा असेल तर थांबा. या पक्ष्याच्या अंगातून पिठासारखी पांढरी भुकटी सतत झडते. आमच्या टीव्हीवर रोज बोटाने नाव लिहिता येतं. दम्याच्या माणसाने आधी ज्याच्याकडे पक्षी आहे अशा घरी दोनतीनदा तासभर बसून यावं.

एक आणावं की दोन? घरात दिवसभर कोणीतरी असेल आणि पक्ष्याला रोज दोनेक तास पिंजऱ्याबाहेर माणसांत मिळणार असतील, तर एक चालेल. सगळे सकाळी नऊला बाहेर आणि संध्याकाळी सातला घरी असा प्रकार असेल तर दोन आणा. एकटं पडलेलं कॉकटील ओरडतं, आणि ओरडूनही कोणी येत नाही असं झालं की स्वतःची पिसं उपटू लागतं.

दुसरी पायरी : दुकानात

दुकानात शिरल्या शिरल्या पिंजऱ्याजवळ जाऊ नका. लांबून दहा मिनिटं बघा. माणूस जवळ आला की आजारी पाखरूही ताठ होऊन बसतं. लांबून बघताना जे फुगून, डोळे अर्धे मिटून, एका कोपऱ्यात बसलंय ते घेऊ नका, आणि शक्यतो त्याच्या शेजारचंही नको. जवळ गेल्यावर नाकपुड्या कोरड्या आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का, शेपटीखालची पिसं विष्ठेने माखलेली नाहीत ना, हे बघा. छातीच्या मधोमध हाड असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस हाताला लागलं पाहिजे; हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर पक्षी उपाशी किंवा आजारी आहे.

आता वयाची हुज्जत. “छोटा लो, हाथ से खिलाओगे तो हिल जाएगा,” म्हणजे माणसाळेल, असं म्हणून चारपाच आठवड्यांचं, अजून स्वतः खाता न येणारं पिल्लू गळ्यात मारतात. घेऊ नका. हाताने भरवायची पेज जरा गरम झाली तर पिल्लाचा अन्नकोष भाजतो, गार झाली तर अन्न आत आंबतं, आणि चुकून श्वासनळीत गेली तर तिथेच खेळ संपतो. नवख्याने हे काम अंगावर घेऊ नये. अडीचतीन महिन्यांचं, तुमच्या डोळ्यांसमोर स्वतः दाणा सोलून खाणारं पाखरू मागा. तेही हिलतं, चांगलं हिलतं.

नर-मादी या वयात डोळ्यांनी ओळखता येत नाही. छातीठोक सांगणारा थापा मारतो आहे असं खुशाल समजा. करड्या जातीत पहिली मोठी पिसंगळ झाल्यावर नराचा चेहरा पिवळाधमक आणि गालाचा ठिपका भडक नारिंगी होतो. मादीचा चेहरा करडाच राहतो आणि शेपटीच्या खालच्या बाजूला पट्टे टिकतात. शिट्ट्या, नकला, कुकरच्या शिटीची हुबेहूब आवृत्ती हे सगळं बहुतेक नरांचं काम. बंडू वर्षभर गप्प होता, शेपटीखाली पट्टे होते, आणि मी शिट्ट्या मारतच होतो.

तिसरी पायरी : पिंजरा

लांबी-रुंदी बघा, उंची नंतर. पाखरू आडवं उडतं. एकासाठी निदान ६० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच, आणि पंख पसरून फडफडता आलं पाहिजे. गोल घुमटाचा पिंजरा देखणा दिसतो, पण त्याला कोपरा नसतो आणि घाबरलेल्या पक्ष्याला पाठ टेकायला कोपरा लागतो. गजांमधलं अंतर दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. निदान दोन बाजूंना गज आडवे असावेत म्हणजे चढता येतं. जस्ताचा मुलामा दिलेली नवी स्वस्त जाळी असेल तर ती व्हिनेगर आणि ब्रशने खसखसून घासा, धुवा, उन्हात वाळवा. जस्त पोटात गेलं तर विष होतं आणि हा पक्षी दिवसभर जाळी चावतो.

सोबत येणाऱ्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून टाका. सारख्या जाडीच्या दांडीवर चोवीस तास उभं राहून पायाच्या तळव्याला फोड येतात. पेरूची फांदी आणा, वाकडीतिकडी, कुठे बोटाएवढी तर कुठे त्याहून जाड. औषध न मारलेल्या झाडाची हवी. धुऊन दोन दिवस वाळवली की झालं. बंडू पेरूची साल दोन दिवसांत सोलून मोकळा होतो, त्यामुळे वेगळं खेळणं फारसं लागत नाही.

जागा बैठकीच्या खोलीत, एक बाजू भिंतीला टेकलेली, आपल्या छातीच्या उंचीवर. स्वयंपाकघरात नको, कूलरच्या झोतात नको, दुपारच्या उन्हात नको. मुंग्यांसाठी आमच्या आईचा उपाय: स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. वाड्यात जाळीच्या फडताळाला असायच्या तशाच.

चौथी पायरी : घरातली हवा

इथे जरा थांबून सांगतो, कारण नवख्यांचे पक्षी सगळ्यात नकळत इथेच जातात. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि श्वास घेताना-सोडताना दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसातून जाते. उडायला लागणारी ही सोय. पण हवेत विष असेल तर तेही असंच, आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने, भिनतं.

नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहिला आणि जास्त तापला तर त्याच्या लेपातून निघणारी वाफ पक्षी मारते. आपल्याला वासही येत नाही, आणि पक्षी काही मिनिटांत दांडीवरून खाली पडतो. आमच्याकडे पक्षी यायच्या आदल्या दिवशी दोन्ही नॉनस्टिक तवे गेले आणि बिडाचा तवा वर आला. डोसे सुरुवातीला चिकटले; आता चिकटत नाहीत.

मच्छर अगरबत्ती, कॉइल, झुरळांचा फवारा, रूम फ्रेशनर, सिगरेट, हे सगळं त्या खोलीतून बंद. लाल मिरचीच्या फोडणीचा ठसका उठला की खिडक्या उघडा. उदबत्तीवरून मात्र घरात तीन दिवस अबोला होता. आई म्हणाली, “अरे, म्हणजे आता देवापुढे उदबत्तीही लावायची नाही? पाखरासाठी?” मी काही बोललो नाही. चौथ्या दिवशी तिनेच तोडगा काढला: देवापुढे तुपाची फुलवात, उदबत्ती आणि कापूर मागच्या ओट्यावर तुळशीपाशी. तेव्हापासून तसंच चालू आहे.

पाचवी पायरी : खाणं

दुकानदार एक पिशवी देईल आणि म्हणेल, हेच घाला. पिशवीत राळे (इथे कंगनी म्हणतात), बाजरी आणि भरपूर सूर्यफूल. नुसत्या दाण्यांवर पाखरू वर्षानुवर्षं तगतं, पण आतून पोखरतं: ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी, चरबी जास्त, पुढे यकृतावर सूज. सूर्यफूल म्हणजे त्याची मिठाई. ती वाटीत नको, हातातून बक्षीस म्हणून द्या, दिवसाला चारपाच बिया.

आमच्या घरचा बेत असा. सकाळी आधी भाजी, कारण तेव्हा भूक असते: पालक, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा, यातलं जे असेल ते कोशिंबिरीसारखं बारीक चिरून, मीठ-तेल काही न घालता. मोड आलेले मूग-मटकी. पावसाळ्यात भुट्टा निघाला की कोवळ्या कणसाचा तुकडा गजात खोचून देतो. इंदूरकरच तो, भुट्ट्यावर जीव आहे. दोन तासांनी उरलेलं काढून टाकायचं. मग १५ ग्रॅमच्या आसपास सुके दाणे. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा. गोळ्यांच्या रूपातलं तयार खाद्य मिळालं तर चांगलंच, पण ते दाण्यांत मिसळून हळूहळू वाढवा आणि त्या दिवसांत वजन रोज बघा. ओळखीचं खाणं एकदम बंद केलं तर हट्टी पाखरू उपाशी राहतं.

भाजी पहिल्या दिवशी खाणार नाही. बंडूने वीस दिवस पालकाकडे असं बघितलं की जणू मी वाटीत साप ठेवला आहे. शेवटी मी पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून त्याच्यादेखत कोथिंबीर चावत बसलो. थव्यातला दुसरा खातोय म्हणजे विषारी नसावं, असा त्याचा हिशोब. तिसऱ्या दिवशी त्याने एक पान ओढलं, चावलं, फेकलं आणि दुसरं ओढलं.

दाण्यांच्या वाटीची एक फसवणूक आहे. हे पाखरू दाणा सोलून खातं आणि टरफल वाटीतच टाकतं. संध्याकाळी वाटी भरलेली दिसते आणि ती नुसती टरफलं असतात. एकदा बाहेरगावी गेलो तेव्हा वाटीवर नजर टाकून ‘दाणे आहेत की’ म्हणून एका नातेवाइकाने दीड दिवस पक्षी उपाशी ठेवला होता. रोज वाटी पाखडा, फुंका, मग भरा.

दाणे ताजे आहेत का ते ओळखायचं तर चमचाभर भिजवून फडक्यात बांधा. दोनतीन दिवसांत बहुतेकांना मोड आले तर माल जिवंत. सियागंजातून घाऊक स्वस्त मिळतं म्हणून पाच किलो उचलू नका, पावसाळ्यात जाळी धरते. बुरशीचा वास आला की पिशवी केरात. समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा मात्र पिंजऱ्यात कायम लटकलेला असू द्या, कॅल्शियमसाठी.

न द्यायच्या गोष्टी: अव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, सफरचंदाच्या बिया, मीठ-तेलाचं काहीही. आणि शेव! इंदुरात पाहुणा आला की पोह्यावर शेव येते आणि पाहुण्याला वाटतं की पाखरालाही एक द्यावी. शंभर ग्रॅमच्या जिवाला ते मीठ म्हणजे काय ते विचार करा. आम्ही पिंजऱ्यावर पाटीच लावली आहे: ‘याला शेव देऊ नये, मागितली तरी.’

सहावी पायरी : पहिले पंधरा दिवस

पहिले तीनचार दिवस काहीच करायचं नाही, आणि हेच सगळ्यात कठीण. नातेवाइकांना बोलावू नका. पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून पेपर वाचा, मोठ्याने वाचलात तर उत्तम. त्याला तुमचा आवाज हवा आहे, तुमचे हात नकोत.

तुऱ्याकडे लक्ष ठेवा. तुरा सरळ ताठ उभा म्हणजे दचकलंय किंवा कान टवकारलेत. अर्धवट मागे, सैल म्हणजे निवांत. डोक्याला चपटा चिकटलेला आणि सोबत फूत्कार म्हणजे हात मागे घ्या, आत्ता. झोपायच्या आधी चोचीवर चोच घासल्याचा कर्र-कर्र आवाज येतो. नवखे घाबरतात, पण तो समाधानाचा आवाज आहे.

पाचव्या-सहाव्या दिवशी राळ्याचं कणीस गजांतून आत धरा, लांब टोकाने. रोज बोटभर पुढे. ते कणीस खाता खाता तुमच्या बोटांपर्यंत आलं की मग दार उघडून हात आत, कणीस मुठीत. त्यानंतर तर्जनी आडवी करून पायांच्या जरा वर, पोटाला हलकेच टेकवायची आणि रोज तोच शब्द म्हणायचा. आमचा शब्द ‘चल’. पाय वर पडला की सूर्यफुलाची एक बी. एका वेळी पाच मिनिटं पुरेत, दिवसातून तीनदा. चावलं तर हात झटकू नका आणि ओरडूही नका. ओरडणं त्याला मोठं गमतीचं वाटतं, मुद्दाम पुन्हा चावतं.

पहिल्यांदा बाहेर काढताना: पंखा बंद, खिडक्या-दारं बंद, आरसा झाकलेला, गॅसवर काही नाही, बादल्या आणि संडासाचं झाकण बंद. छताचा पंखा हा आपल्या घरातला सगळ्यात मोठा शत्रू. आमच्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टीने एक कागदी झडप लावली आहे. बटण दाबायचं तर आधी ती उचलावी लागते आणि खाली लिहिलंय, ‘बंडू कुठे आहे?’ पंख छाटावेत का, यावर लोक तावातावाने भांडतात. मी छाटत नाही. छाटलेला पक्षी वाऱ्याच्या झुळकीने तरंगत दुसऱ्या गच्चीवर जाऊ शकतो, आणि तिथून परत उडून येणं त्याला जमत नाही.

उडून गेलंच तर पहिले दोन तास मोलाचे. पिंजरा दार उघडं ठेवून गच्चीवर ठेवा, तुमच्या नेहमीच्या हाकेने, शिट्टीने बोलवत राहा. ते उत्तर देईल. उत्तर कुठून येतं ते ऐका. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा. कावळे एखाद्या झाडावर एकदम कालवा करू लागले तर आधी तिथे धावा.

रात्र

कॉकटीलला रात्रीचं भय भरतं. इतर पोपटांपेक्षा याला जास्त. मिट्ट काळोखात भिंतीवर पाल सळसळली, बाहेर फटाका फुटला, की ते आंधळं होऊन पिंजऱ्यात आपटत सुटतं. बंडू पहिल्या वर्षी रात्री दोनला असाच उठला. दिवा लावला तर गजांवर रक्ताचे थेंब: वाढत्या पिसाच्या नळीत रक्त असतं आणि ती मोडली होती. कॉर्नफ्लोअर लावून दोन मिनिटं हलकेच दाबून धरलं, थांबलं. न थांबतं तर डॉक्टर गाठावा लागला असता. एवढ्याशा जिवात रक्त असतंच किती.

तेव्हापासून पिंजऱ्याजवळ झिरोचा बल्ब रात्रभर जळतो, आणि पातळ सुती चादर तीन बाजूंनी, चौथी उघडी. दहा-बारा तास झोप हवीच, टीव्ही चालू असलेल्या खोलीत ती होत नाही. दिवाळीचे चार दिवस पिंजरा आतल्या खोलीत. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (चित्ररथांची) रात्र आणि रंगपंचमीच्या गेरचा (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा) दिवस यांचीही आधीच सोय लावावी. गुलालाचे ढग तर खिडकीतून थेट आत येतात.

वही

आता मुख्य काम. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर छोटी दांडी ठेवा, काटा शून्य करा आणि रोज सकाळी, पहिली शी झाल्यावर, खाण्याआधी पक्षी तोला. वहीत लिहा. बंडूचं वजन ९२ च्या आसपास असतं. नव्वद झालं तर मी बघतो, अठ्ठ्याऐंशी झालं तर खाण्याकडे लक्ष, आणि दहा टक्के घटलं, म्हणजे त्र्याऐंशीच्या घरात आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्यांना हा फरक पिसांमुळे अजिबात दिसत नाही. पिसं फुगवून बसलेला पक्षी उलट गुबगुबीत दिसतो.

तळाला साधा पांढरा कागद घाला आणि बदलताना बघा. चांगल्या विष्ठेत तीन भाग असतात: हिरवट घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी. पालक खाल्ला तर जास्त हिरवी, गाजर खाल्लं तर केशरी, त्याने घाबरू नका. पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला, दिवसभर नुसतं पाणी येतंय, किंवा विष्ठाच कमी झाली, तर घाबरा. श्वासाबरोबर शेपटी वरखाली हलणं, तळाशी बसून राहणं, डोक्याची पिसं ओकारीने माखणं, यांपैकी काहीही दिसलं की थांबायचं नाही.

डॉक्टरकडे नेईपर्यंत ऊब द्या: छोट्या खोक्यात मऊ फडकं, बाहेरून बल्ब, आत साधारण ३० अंश. दुकानातून मिळणारी पाण्यात टाकायची रंगीत पावडर टाकू नका. आजारी पक्षी पाणी किती पितो तेच माहीत नसतं, मग औषध किती गेलं ते कसं कळणार? मला एकदा अशी पुडी मिळाली होती. तीन दिवस त्यात वाया गेले. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर इंदुरात गल्लोगल्ली आहेत, पक्षी हाताळणारे मोजके. पक्षी आणण्याआधीच फोन करून विचारून ठेवा की पक्षी नियमित बघता का आणि डोस वजनावर काढता का. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. तिथल्या वेळाही आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

घरात कोणाला बरेच दिवस ताप-खोकला राहिला तर आपल्या डॉक्टरांना ‘घरात पोपटवर्गी पक्षी आहे’ हे सांगा. पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा आजार क्वचित होतो, पण सांगितल्याशिवाय कोणाच्या डोक्यात येत नाही. दुसरा पक्षी आणलात तर महिनाभर वेगळ्या खोलीत. आणि पिंजरा गच्चीत ठेवत असाल तर वरून झाकलेला हवा. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदुरात कावळे पटापट मरून पडत होते आणि तो बर्ड फ्लू निघाला, हे विसरू नका.

अंडी

मादी नराशिवायही अंडी घालते. बंडूने एक दिवसाआड अशी चार घातली आणि भारी गंभीर चेहऱ्याने त्यांवर बसला. ती लगेच काढू नका. काढली की भरपाई म्हणून आणखी घालते आणि अंगातलं कॅल्शियम संपतं. तीनेक आठवड्यांत कंटाळून स्वतःच सोडते, मग उचला. पुन्हा घालू नयेत म्हणून खोके, मडकी, कपाटाखालची अंधारी जागा बंद करा, दिवसाचा उजेड कमी करा आणि पाठीवरून हात फिरवू नका. डोकं-मान खाजवा, तेवढंच. मादी तळाशी पाय फाकून कुंथते आहे आणि अंडं येत नाही, असं दिसलं तर ऊब द्या आणि तडक निघा. उद्यावर टाकायची ही गोष्ट नाही.

ऋतू

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की पक्षी पंख अंगापासून सुटे धरतो, चोच उघडी ठेवून धापा टाकतो. सावली, गार पाण्याच्या वाट्या दोनदा बदलून, आणि सकाळी स्प्रेच्या बाटलीने साध्या पाण्याचा तुषार. बंडू पंख उघडून उलटा लटकतो तुषाराखाली. माळव्यातल्या रात्री पूर्वीइतक्या गार राहिल्या नसल्या तरी जानेवारीत पहाटे खिडकीची फट बुजवावी लागते. पिसंगळीच्या दिवसांत तो चिडचिडा असतो, अंड्याचा तुकडा वाढवतो आणि नाद सोडतो.

बाहेरगावी जाताना

लग्नाकार्याला पुण्याला जायचं असलं की पक्षी समोरच्या काकूंकडे, पिंजऱ्यासकट. सोबत वही, काटा, झिरोचा बल्ब आणि एक चिठ्ठी: टरफलं फुंकावीत, भाजी दोन तासांनी काढावी, दार उघडण्याआधी पंखा बंद, शेव नाही, वजन ८८ च्या खाली गेलं तर कितीही वाजले असोत फोन करावा, डॉक्टरांचा नंबर मागे. मागच्या वेळी आठ दिवसांनी परत आलो तर वही नीट भरलेली होती. ९२, ९१, ९१, ९०, ९१, ९१, ९२, ९२. आणि खाली काकूंच्या अक्षरात: ‘भाऊजींसारखी शिट्टी मला येत नाही, पण रोज वाजवून बघितली.’